गावपळणीचा माळ

मोठ्या बागेच्या फाटकाशी संगमरवराची पाटी बसणार होती आणि तिच्यावर बागेचा इतिहास कोरायचा होता. आमचा मिहीर ज्या ठेकेदाराकडे इंजिनिअर आहे, त्यानेच बाग नव्याने सजवायचं काम घेतलंय. त्यामुळे तो मजकूर मिहीरच्या मोबाइलवर आला होता आणि दुपारी जेवताना तो मला वाचून दाखवत होता.

"संस्थानकाळी या निसर्गरम्य स्थळी राजपरिवार वनविहारास येत असे," त्याने वाचलं.

"खंयचो राजा?" मी विचारलं.

"नाव नाय दिलेला."

"देतले खंयसून? राजा थंय कधी इलोच नाय. इलव ते आमी. गुरां, कोंबडी आणि मडकी घेवन."

मिहीर हसला. त्याला वाटलं मी नेहमीप्रमाणे खोड काढतेय. पण हे अगदी खरं होतं. आज जिथे हिरवळीवर बसू नये अशी पाटी आहे, त्या हिरवळीवर आमचं अख्खं गाव बसायचं.

शहरातल्या लोकांना हे सांगितलं तर त्यांना गंमत वाटते. आमच्या पेंडवळ गावात काही वर्षांनी एकदा गावपळण होते. देवळात कौल लावतात. देवाला लावलेली पाकळी उजवीकडून पडली की देवाने गाव मागितलं असं समजायचं. मग ढोल वाजतो आणि माणसांनी, गुरांनी, कुत्र्यांनी, अगदी खुराड्यातल्या कोंबड्यांनीही शिवेबाहेर पडायचं. तीन दिवस गाव देवाचं. चूल पेटवायची नाही, विहिरीवर जायचं नाही, शिवेच्या आत पाऊल टाकायचं नाही. पुन्हा कौल होईपर्यंत बाहेर झावळ्यांच्या खोपी करून राहायचं. ख्रिस्ती घरंही आमच्याबरोबर निघतात, त्यांना कोणी बोलवायला लागत नाही. आमच्या लहानपणी ही सगळी जत्रा शहराच्या कडेच्या या माळावर उतरायची. फुगड्या, भजनं, पत्ते आणि तीन दिवस नुसता धूर. पुढे शहर वाढत आलं, माळाला भिंत घातली गेली, तिकीट लागलं. तेव्हापासून गाव खाडीपलीकडच्या कातळाच्या सड्यावर जातं. मिहीरने पाहिली ती गावपळण तिकडचीच.

"मगे पाटयेर ह्यां लिवक सांगू?" मिहीर म्हणाला.

"नको. राजाच बरो. शोभता."

मग त्याने कारंज्याचं सांगितलं. गाण्यावर नाचणारं, रंगीत दिव्यांचं, मोठं कारंजं होणार. त्याच्या टाकीसाठी खोल खड्डा लागणार. जागा ठरली होती, मागच्या बाजूला, जुन्या किंजळीच्या झाडाशी. झाड वाचवतोय, असं तो कौतुकाने म्हणाला. झाडाच्या मागचा सगळा तुकडा खणायचा होता.

मी त्याला भात वाढला. पुन्हा वाढला. तो नको म्हणत होता तरी वाढला.

मिहीरच्या आधी मला एक मुलगी झाली होती. हे त्याला माहीत आहे. घरात कधी बोलणं निघालं नाही, पण अशा गोष्टी मुलांना कळतातच. ती गावपळणीत गेली हेही त्याला माहीत असेल. तिला कुठे ठेवली ते त्याला माहीत नव्हतं. खरं म्हणजे मलाही नीट माहीत नव्हतं.

ढोल वाजला तेव्हा मी बाळंतीण होते. बारसंसुद्धा व्हायचं होतं. बाळंतिणीला सूट नसते, म्हणून मला बैलगाडीत गवत घालून माळावर नेलं. थंडी खूप होती. दुसऱ्या दिवशी मुलगी दूध ओढेना आणि संध्याकाळपर्यंत संपली. शेजारच्या खोपीत क्लारा होती. तिने तिला पुसलं, माझ्या जुन्या लुगड्यात गुंडाळलं. मी बघत होते. लोकांना वाटलं मी आता हंबरडा फोडीन, पण मला काहीच होत नव्हतं. कोणीतरी दुसरी बाई बसली आहे आणि मी तिच्या मागून बघतेय, असं वाटत होतं.

इतक्या लहान मुलाला आमच्यात जाळत नाहीत, मातीत ठेवतात. बायका जात नाहीत. एरवी गावातल्या जागेत नेली असती, पण गाव बंद होतं. जाणत्यांनी सांगितलं, माळाच्या टोकाला ठेवा. माझ्या नवऱ्याने, जयरामनी, कोणाची तरी कुदळ घेतली, मुलीला उचललं आणि निघाले. त्यांचा धाकटा भाऊ भाई बरोबर जायला उठला, त्याला त्यांनी खाली बसवलं. मी खोपीच्या दारातून पाहत होते. ते किंजळीच्या मागे गेले आणि दिसेनासे झाले. बऱ्याच उशिराने परत आले. मी विचारलं, खंय ठेवलास? ते म्हणाले, "ठेवलंय." बस, एवढंच. त्यांचा चेहरा बघून मी पुन्हा विचारलं नाही, आणि मग न विचारण्याचीच सवय झाली. संसारात अशा किती तरी सवयी होतात.

पण जागा मला ठाऊक आहे असं मी धरून चालले. किंजळीच्या मागे, माळाचं टोक. दुसरी कुठली असणार?

माळाची बाग झाली तेव्हा मी हट्ट धरला की आपण शहरात बिऱ्हाड करू. मिहीरच्या शाळेचं कारण पुढे केलं. जयराम तयार नव्हते. घराकडे कोण बघणार, माडांना पाणी कोण घालणार, हेच धरून बसले. तेव्हा मी त्यांना फार टाकून बोलले. माणसांपेक्षा तुमका माड लागतत, म्हटलं. ते सामान बांधायला लागले. शहरात आले खरे, पण एक दिवसाआड सकाळची एसटी पकडून गावात जायचे ते आजतागायत जातात. शेजारणी म्हणतात, तुमचे अहो फार कष्टाळू. मी म्हणते, हो, नारळाशी लग्न लागलंय त्यांचं.

मी मात्र रोज बागेत जाते. क्लारा असते बरोबर. तिचा नवरा विन्सेंट गेल्यापासून तीही शहरातच राहते, तिचा मुलगा क्लाइव्ह गोव्यातून पैसे पाठवतो. आम्ही दोघी फेऱ्या मारतो आणि शेवटी किंजळीजवळच्या बाकावर बसतो. गुडघे दुखतात म्हणून बसतो, असं सगळ्यांना वाटतं. तिथे मी खूप रडलेय. आधी आधी रोज, पदर तोंडात धरून. माळावर जे आलं नाही ते बागेत आलं. नोव्हेंबरात तिच्या लोकांचा मेलेल्यांचा दिवस असतो. सिमितरीत, म्हणजे त्यांच्या दफनभूमीत, विन्सेंटच्या खड्ड्यावर मेणबत्त्या लावून झाल्या की क्लारा एक उरलेली मेणबत्ती आणून किंजळीच्या मुळाशी लावते. वॉचमन दरवर्षी ओरडतो. ती दरवर्षी त्याला केक देते.

मिहीरने सांगितलं त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो तर किंजळीमागे पांढऱ्या फक्कीचा मोठा गोल मारलेला होता. आमचा बाक उचलून भिंतीकडे नेऊन टाकला होता. खणायचं पिवळं यंत्र येऊन उभं होतं आणि त्याच्या सावलीत एक कुत्रा झोपला होता.

क्लाराने क्रूस केला. "मिहीराक सांग गो," ती म्हणाली.

"काय सांगू? तुजी भयण हंय खंयतरी आसा, जपान खण?"

"होय. असाच सांग."

"आणि तो इचारतलो, खंय? हंय की थंय? माका म्हायती नाय, क्लारा. पाच हात हंय काय पाच हात थंय."

"जयरामाक म्हायती आसा."

ती पुढे म्हणाली, "विन्सेंटाक दोनदा हलवलो. आमच्यात हाडां काढून दुसरीकडे ठेवतत. तेव्हा मी थंयच बाजूक उभी होतंय. तां वायट नसता. म्हायती नसणा वायट."

मला ते पटलं. पण पटूनही आत काही हललं नाही. फक्कीच्या गोलाकडे बघून मला एवढंच वाटलं की गोल जरा वाकडा आलाय.

घरी येऊन मी मिहीरला फोन केला. म्हटलं, किंजळीकडचं खणणं थांबव. तो म्हणाला, आई, यंत्र भाड्याने आणलंय, उद्या सकाळी काम सुरू व्हायलाच हवं. मी म्हटलं, तिथे तुझी बहीण आहे. तो गलक्यातून बाजूला आला असावा. मग तो म्हणाला, "नक्की खंय, आई? तेवढा सांग. बाकी मी बघतंय. लागला तर हातान खणून घेतलंय." आमचा मिहीर चांगला आहे. मी म्हटलं, संध्याकाळपर्यंत सांगते.

जयराम चारच्या गाडीने गावाहून आले. स्टँडवर उतरून त्यांनी तांबडी भाजी घेतली होती. पिशवी ठेवून ते पाय धुवायला गेले. मी न्हाणीघराच्या दारातच उभी राहिले.

"बागेत किंजळीकडे खणतहत," मी म्हटलं. "उद्या सकाळी. आपलो मिहीरच खणता."

"आयकलंय," ते म्हणाले. "तेना माका फोन केल्यान."

"मगे सांगा. खंय ठेवलास तिका? किंजळीपासून किती?"

ते पायावर पाणी ओतत राहिले. पाय केव्हाच स्वच्छ झाले होते.

"खणूक दी तेका," ते म्हणाले.

मी आयुष्यात नवऱ्यावर हात उचललेला नाही. त्या क्षणी उचलला असता. "तुमका काय काळीज आसा की नाय?" मी म्हटलं. "गाण्यार पाणी नाचवतले थंय. तिच्यार. आणि तुमी म्हणतास खणूक दी?"

"थंय ती नाय."

"काय?"

"माळार ती नाय, लीला. माळार मी तिका ठेवलंयच नाय."

त्यांनी तांब्या खाली ठेवला, पंच्याने पाय पुसले आणि बाहेर येऊन खुर्चीवर बसले. मीही बसले. मग ते सांगायला लागले. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण सलग एवढं बोलताना मी त्यांना ऐकलं नव्हतं.

"किंजळीपर्यंत गेलंय. कुदळ हाणलंय एकदा. पण मन होयना. तो माळ कोणाचो? आज हंय तर फुडल्या खेपेक आणखी खंय. गुरां फिरतली, पोरां खेळतली. म्हटलंय, घराक हाडूया. व्हाळात उतरलंय, व्हाळातसून शीव ओलांडलंय. गावात कोंबडो नाय, कुत्रो नाय. माज्याच पायांचो आवाज माका मोठो वाटा होतो. देवळाकडसून जावक धीर झालो नाय, माडांतसून गेलंय."

"गावपळणीत?" मी विचारलं. "गावपळणीत गावात गेलास?"

"होय."

आमच्या गावचं नसलेल्या माणसाला यात काय मोठंसं, असं वाटेल. आमच्याकडे हे असं कोणी केलेलं मी ऐकलेलं नाही. विसरलेलं बी-बियाणं, राहिलेला म्हातारीचा चष्मा, काहीही असो, कोणी परत आणायला जात नाही.

"आणि ठेवलास खंय?"

"न्हाणयेच्या मागसून. पाणी भायर पडता थंय, पयल्या माडाकडे. माती मऊ होती. दुसरीकडे खणलंय असतंय तर कुदळीचो आवाज शिवेपर्यंत गेलो असतो."

आमच्या गावच्या घराची न्हाणी मागच्या अंगाला आहे. आंघोळीचं पाणी पन्हळीतून पहिल्या माडाला जातं. मिहीर झाला तेव्हा सुईण त्याला त्याच न्हाणीत पायांवर घेऊन न्हाऊ घालायची. ऊन ऊन पाणी, भरपूर. मी भिंतीला टेकून बघत असायची. ते सगळं पाणी तिच्यावरून गेलं. हे माझ्या डोक्यात आलं आणि तिथेच राहिलं, पुढे काहीच सरकेना.

"माका सांगलास कित्याक नाय?" मी विचारलं.

"गावान वाळीत टाकल्यानी असती."

"मी काय गाव?"

त्यांनी पंच्याची घडी केली. मग म्हणाले, "कौल उजवो झालो, गाव घराक गेलो, माका वाटला देवान माफ केल्यान. मगे चार म्हयन्यांनी भाई गेलो."

भाई देवबागच्या होडीवर होता. होडी खाडीच्या तोंडाशी उलटली. बाकीचे पोहून आले.

"भाईक मी मारलंय, असाच वाटा होता," जयराम म्हणाले. "अजून वाटता. आणि तेव्हाच मिहीर तुज्या पोटात रवलो. तुका सांगलंय असतंय तर तू नऊ म्हयने भियान मेली असतंस. म्हटलंय, भिवचा ता मी भियतंय."

मला त्यांचा राग यायला हवा होता. मी वाट बघितली, आला नाही. दया यायला हवी होती, तीही आली नाही. एवढंच कळत होतं की मी रडत होते तिथे कोणी नव्हतं, आणि ज्याला ठाऊक होतं तो माणूस एक दिवसाआड एसटीने तिच्याकडे जाऊन येत होता आणि घरी आल्यावर माझी बोलणी खात होता. आणि त्याला तिच्यापासून उठवून शहरात आणलं ते मी.

मी मिहीरला फोन लावला. "खण," म्हटलं.

"जागा गावली?"

"गावली. थंय नाय ती."

त्याने आणखी काही विचारलं नाही. सकाळी बागेत काम सुरू झालं. पाटीवर राजाच राहिला. क्लाराला मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, इतक्या मेणबत्त्या फुकट नाय गेल्यो गो, थंयसूनय देवाक दिसतत. तिच्या देवाला दिसतही असतील.

त्याच दिवशी मी जयरामबरोबर सकाळच्या एसटीने गावात गेले. त्यांनी माझ्यासाठी खिडकीची जागा धरली. घर उघडलं, मागच्या दाराने न्हाणीच्या मागे गेलो. दाखवण्यासारखं काहीच नव्हतं. माडाचा बुंधा, ओली माती, थोडं अळू. दगड नाही, खूण नाही. खूण ठेवली असती तर कोणीतरी विचारलं असतं. पण त्या जागेवर नारळाचं एकही सोडण पडलेलं नव्हतं, एक वाळकं पानही नव्हतं. बाकी सगळ्या माडांखाली कचरा होता.

"तिचा डोक्या खंयच्या बाजूक केलास?" मी विचारलं.

"घराकडे."

मी खाली बसले, मातीवर हात ठेवला. मला रडायचं होतं. एवढ्यासाठी तर मी आले होते. जयरामही बाजूला झाले, मला मोकळं वाटावं म्हणून. पण काही आलं नाही. माझं सगळं रडणं त्या किंजळीखाली होऊन गेलं होतं आणि इथे द्यायला माझ्याकडे उरलं नव्हतं. हात गार पडला तेव्हा उचलला.

जयराम पायरीवर बसले होते. मी त्यांच्या शेजारी बसले. येत्या मार्गशीर्षात कौल लागणार आहे, गावात तीच चर्चा चालू होती. मला एकदम सुचलं म्हणून मी विचारलं, "गावपळणीत काय करतास?"

"काय करतलंय? गाव भायर जाता, माका येवक गावणा नाय. तीन दिस ती एकटीच रवता."

"आणि तुमी?"

शहरात आल्यापासून गावपळण आली की आमच्या खोलीत सड्यावर न गेलेली गावची पाहुणेमंडळी भरायची. मी स्वयंपाकात गुंतलेली असायची, दुपारी मात्र बागेत जाऊन बसायची, कारण ते तिचेच दिवस. जयराम सकाळीच बाहेर पडायचे. शिवेवर राखणीला बसणाऱ्यांशी गप्पा छाटत असतील, असं मी धरलं होतं.

"शिवेर जातंय," ते म्हणाले. "व्हाळाच्या अल्याड. थंयसून आपल्या घराची कौला दिसतत. उजेड आसा तवसर उभो रवतंय."

मी कौलांकडे बघितलं. दोन फुटलेली होती.

"ह्या खेपेक माका घेवन जावा," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "थंय बसूक जागो नाय गो. उभ्यान रवचा लागता. तुजे गुडघे दुकतत."

"रवान," मी म्हटलं.